गुरांचा डॉक्टर आणि हवेचा टायर

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख मागितल्यावर आधी पोटात गोळा आला. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने काढल्या असतील असं धरून चालते. उरलेल्या पोटात घाला.

लेख लिहायचं कारण मात्र खरं आहे. गेल्या जुलैमधली गोष्ट. संध्याकाळी लायब्ररी बंद झाल्यावर मी आणि माझी रूममेट सायकलवरून हॉस्टेलला निघालो होतो. ती मागे कॅरिअरवर. पाऊस नुकताच सुरू झाला होता. मेन गेटजवळचा उतार आपल्या सगळ्यांना माहीतच आहे. तिथे वळताना मी ब्रेक दाबला, मागचं चाक सरकन बाजूला गेलं आणि पुढच्या क्षणी आम्ही दोघी रस्त्यावर. माझं गुडघ्यावर निभावलं. तिचं मनगट फ्रॅक्चर झालं, उजव्या हाताचं, आणि सबमिशनला तीन आठवडे उरले होते. तिची जर्नल्स मी लिहिली, पण तो भाग वेगळा.

दुसऱ्या दिवशी मी सायकल उलटी करून बघितली. मागच्या टायरच्या बाजूला एक छोटा बाण छापलेला होता आणि तो चाक फिरतं त्याच्या बरोबर उलट्या दिशेला होता. म्हणजे टायर उलटा बसवलेला! तो आठच दिवसांपूर्वी गेटबाहेरच्या सायकलवाल्या काकांनी बसवला होता. मी तडक तिथे गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्यांना वाट्टेल ते बोलले. तुमच्यामुळे माझ्या मैत्रिणीचा हात मोडला, इथपर्यंत. काका काही बोलले नाहीत. त्यांनी टायर काढला, फिरवून पुन्हा बसवला, हवा भरली आणि पैसे घेतले नाहीत. मी मोठा विजय मिळवल्यासारखी परत आले.

पंधरा दिवसांनी, त्याच जागी, तसाच पाऊस. बाण आता अगदी सरळ होता, आणि मी पुन्हा घसरले. या वेळी एकटीच होते, म्हणून वाचले.

मेकॅनिकलची विद्यार्थिनी म्हणवून घ्यायचं आणि टायर का घसरतो हे माहीत नसायचं, याची लाज वाटली. लायब्ररीत शोधायला लागले तेव्हा टायरच्या नक्षीआधी एक माणूसच सापडला. त्याचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. घरातल्या जाड फोमच्या गादीला आजी डनलॉपची गादी म्हणते ना, तोच डनलॉप. हा माणूस इंजिनिअर नव्हता हे मला पहिल्यांदाच कळलं. तो गुरांचा डॉक्टर होता!

जॉन बॉइड डनलॉपचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न नावाच्या गावी, एका शेतकरी घरात झाला. आपण दोन महिने आधीच जन्मलो असं त्याच्या मनाने घेतलं होतं, आणि त्यामुळे आपली तब्येत नाजूक आहे या समजुतीत त्याने अख्खं आयुष्य काढलं. धावपळ नको, दगदग नको, जपून राहायचं. हा जपून राहणारा माणूस ८१ वर्षं जगला, आणि तोपर्यंत त्याला मोठं म्हणावं असं एकही आजारपण आलं नव्हतं. पण तो मुद्दा नंतर.

शेतकऱ्याच्या मुलाला जनावरं नवी नव्हती. त्याने एडिंबरोच्या व्हेटरनरी कॉलेजात शिक्षण घेतलं आणि एकोणिसाव्या वर्षी तो पास होऊन बाहेर पडला. म्हणजे आपण ज्या वयात एम-थ्रीची के.टी. सोडवत असतो, त्या वयात हा प्रॅक्टिसला लागला होता. काही वर्षं त्याने स्कॉटलंडमध्येच काम केलं. मग १८६७ मध्ये तो आयर्लंडला, डाउनपॅट्रिक या गावी आला. तिथे त्याने आणि त्याच्या भावाने जनावरांचा दवाखाना चालवला. १८७१ मध्ये मार्गारेट स्टीव्हन्सनशी त्याचं लग्न झालं. एक मुलगी आणि एक मुलगा, असा चौकोनी संसार. पुढे तो बेलफास्टला आला आणि मे स्ट्रीटवर त्याचा दवाखाना इतका वाढला की १८८० नंतरच्या काळात तो आयर्लंडमधल्या सगळ्यात मोठ्या दवाखान्यांपैकी एक मानला जायचा.

जरा विचार करा. तो काळ घोड्यांचा. माल वाहणारे घोडे, बग्गीचे घोडे, शेतातले घोडे. आज गाड्यांच्या गॅरेजला जे महत्त्व आहे ते त्या शहरात डनलॉपच्या दवाखान्याला होतं. दाढीवाला, गंभीर, पन्नाशीला टेकलेला, चांगला जम बसलेला गृहस्थ. आता या वयात काही नवीन करायची त्याला काहीही गरज नव्हती.

पण घरात मुलगा होता. जॉनी, वय सुमारे नऊ. त्याच्याकडे तीन चाकी सायकल होती आणि बेलफास्टच्या रस्त्यावरून ती चालवताना त्याची हाडं खिळखिळी व्हायची, डोकं दुखायचं.

इथे त्या काळच्या सायकलबद्दल थोडं सांगायला हवं. सुरुवातीच्या सायकलींना लाकडी चाकं आणि त्यावर लोखंडी धाव असायची, आपल्या जुन्या बैलगाडीसारखी. मग भरीव रबराची पट्टी आली. पुढचं चाक प्रचंड मोठं आणि मागचं इवलंसं अशी सायकल आपण चित्रात पाहिलेली असते. ते मोठं चाक शोभेसाठी नव्हतं. पैडल थेट चाकालाच लावलेलं असल्यामुळे पायाच्या एका फेरीत जास्त अंतर कापायचं तर चाक मोठं हवं. शिवाय मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं, त्यामुळे धक्केही कमी बसतात. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली याची रोव्हर ही सेफ्टी सायकल आली. दोन्ही चाकं जवळजवळ सारखी आणि मागच्या चाकाला चेन. आपली आजची सायकल तिचीच नात म्हणायची. पडायची भीती कमी झाली, पण चाकं लहान झाल्यामुळे हादरे वाढले. म्हणजे सायकल सुधारली आणि बसणाऱ्याचं अंग मात्र दुखायला लागलं. हवेच्या टायरची गरज नेमकी याच वेळी तयार झाली होती. ती ओळखली एका बापाने.

१८८७ च्या ऑक्टोबरात डनलॉपने कामाला सुरुवात केली. रबर त्याला नवं नव्हतं, दवाखान्याच्या कामात त्याचा हात रबरावर बसलेला होता. घराच्या अंगणात त्याने सुमारे ९६ सेंटिमीटर व्यासाची एक लाकडी तबकडी घेतली. रबराच्या पातळ शीटची नळी करून ती तबकडीच्या कडेने बसवली, वरून कापडाचं आवरण दिलं आणि फुटबॉलच्या पंपाने नळीत हवा भरली. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये हा जॉब कुणी नेला असता तर फिनिशिंगचे मार्क नक्की कापले गेले असते.

मग त्याने साधा प्रयोग केला. जॉनीच्या सायकलचं एक चाक काढलं आणि ते व आपली तबकडी अंगणातून ढकलून सोडली. सायकलचं चाक अंगण संपायच्या आतच थांबलं. हवेची तबकडी मात्र गडगडत पार गेली, दाराच्या खांबाला धडकली आणि उसळून मागे आली.

हा प्रयोग मला फार आवडला. कारण डनलॉप शोधत होता मुलाच्या अंगाला बसणारे धक्के कमी करायचा उपाय. आणि हातात आलं काहीतरी वेगळंच. हवेचं चाक मऊ तर होतंच, पण ते सोपं चालत होतं, जास्त लांब जात होतं. मऊ म्हणजे जड चालणार असं आपल्याला वाटतं. पण खडबडीत रस्त्यावर कडक चाक प्रत्येक बारीक खड्याला स्वतःसकट सगळी गाडी वर उचलतं आणि खाली आपटतं. त्यात शक्ती वाया जाते. हवेचा टायर तेवढ्याच जागी दबतो, खडा पोटात घेतो आणि चाकाचा मध्य सरळ पुढे जातो. दबलेली हवा घेतलेली बरीचशी शक्ती परतही करते. मेकॅनिक्सच्या पेपरात हे पाच मार्कांना येईल, पण डनलॉपने ते अंगणात बघून ओळखलं.

१८८८ च्या सुरुवातीला जॉनीच्या सायकलच्या मागच्या दोन्ही चाकांना असे टायर बसले आणि पोरगा खूश झाला. मग डनलॉपने मोठ्या सायकलसाठी टायर केले, बेलफास्टच्या चेरीव्हेल मैदानावर ते तपासले, पेटंटसाठी अर्ज केला, आणि ७ डिसेंबर १८८८ रोजी त्याला पेटंट मिळालं. गुरांचा डॉक्टर एका वर्षात संशोधक झाला होता.

पण लोकांना हे जाडजूड टायर बघून हसूच यायचं. भरीव रबराची बारीक पट्टी म्हणजे वेग आणि हे फुगलेलं काहीतरी म्हणजे गंमत, असा सगळ्यांचा समज. विली ह्यूम नावाचा एक सायकलपटू होता, बेलफास्टच्या क्रूझर्स सायकल क्लबचा कॅप्टन. हवेच्या टायरची सायकल विकत घेणारा तो पहिला माणूस समजला जातो. डनलॉपने त्याला त्याच सायकलवर शर्यतीत उतरायला सुचवलं. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या क्रीडा स्पर्धा होत्या. ह्यूम उतरला आणि सायकलच्या चारही शर्यती जिंकला. थोड्याच दिवसांनी लिव्हरपूलला एक सोडून बाकी सगळ्या शर्यती त्यानेच मारल्या. हसणारे गप्प झाले. एका कॉलेजच्या स्पोर्ट्समधून वाहतुकीचा इतिहास बदलला, हे आपल्या जिमखान्याने लक्षात ठेवायला हरकत नाही!

हरलेल्यांमध्ये हार्वी डू क्रॉस नावाच्या गृहस्थाची मुलंही होती. हे गृहस्थ आयर्लंडच्या सायकलपटूंच्या संघटनेचे अध्यक्ष आणि धंद्यातले पक्के मुरलेले. मुलं हरली म्हणून रागावण्याऐवजी त्यांनी टायरकडे बघितलं. डनलॉपला गाठलं आणि दोघांनी मिळून डब्लिनमध्ये कंपनी उभी केली. डनलॉपने आपले हक्क कंपनीला दिले. बदल्यात त्याला थोडी रोख रक्कम आणि थोडे शेअर मिळाले.

आणि इथे गोष्टीला वळण लागलं. पेटंट मिळून दोनच वर्षं झाली होती. डनलॉपला अधिकृतपणे कळवण्यात आलं की त्याचं पेटंट रद्दबातल आहे. कारण हाच शोध आधीच लागून गेला होता!

तो लावणारा होता रॉबर्ट विल्यम थॉमसन, तोही स्कॉटिश. जन्म १८२२. अवघ्या तेविसाव्या वर्षी, १८४५ मध्ये, त्याने इंग्लंडमध्ये हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं. मग १८४६ मध्ये फ्रान्सला आणि १८४७ मध्ये अमेरिकेत. रबर लावलेल्या कॅनव्हासची नळी आणि वरून चामड्याचं आवरण अशी त्याची रचना होती. घोडागाडीला ही चाकं लावून त्याने लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये सगळ्यांसमोर चालवून दाखवली. गाडी आवाज न करता, हलकी चालायची. पण तेव्हा सायकली नव्हत्या, मोटारी नव्हत्या, आणि असे टायर बनवणं महाग आणि किचकट होतं. घोडा तर गाडी ओढतच होता, मग कोण कशाला खर्च करेल? शोध विसरला गेला. १८७३ मध्ये थॉमसन वारला तेव्हा जॉनी डनलॉपचा जन्मही झालेला नव्हता.

म्हणजे डनलॉपने चोरी केली नव्हती. त्याला थॉमसनचं काम माहीतच नव्हतं. त्याने स्वतःच्या अंगणात तीच गोष्ट नव्याने शोधली होती. पण कायद्याला हेतू कळत नाही, तारीख कळते.

एखाद्याने तिथेच हात टेकले असते. डू क्रॉसने टेकले नाहीत. मूळ पेटंट गेलं तर गेलं, आजूबाजूच्या सुधारणा त्याने विकत घ्यायला सुरुवात केली. कारण डनलॉपच्या पहिल्या टायरमध्ये एक मोठी अडचण होती. तो रिमला चिकटवलेला असायचा. पंक्चर झालं की सगळं उकलून पुन्हा चिकटवायचं, त्यात तासन्तास जायचे. १८९० मध्ये चार्ल्स वेल्च याने टायरच्या दोन्ही कडांत तार घालून तो खोलगट रिममध्ये बसवायची युक्ती काढली. आजही गेटबाहेरचे काका दोन पान्यांनी टायर उचकटतात तेव्हा हाताला लागते ती हीच तार. त्याच वर्षी बार्टलेट याने दुसरी पद्धत काढली. दोन्ही पेटंटं कंपनीकडे आली आणि धंदा वाचला. हवा भरायचा व्हॉल्व्ह १८९१ च्या सुमारास वूड्स याने सुधारला. आपण ज्याला वॉल-ट्यूब म्हणतो, ती बारीक रबरी नळी घातलेला साधा व्हॉल्व्ह तो हाच. गंमत म्हणजे त्यालाही अनेक ठिकाणी डनलॉप व्हॉल्व्ह म्हणतात. थॉमसनचं श्रेय डनलॉपला, वूड्सचं श्रेयही डनलॉपला!

पण म्हणून डनलॉप गब्बर झाला का? नाही. १८९५ मध्ये तो कंपनीतून बाहेर पडला. पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, डू क्रॉसने हा धंदा टेरा हूली नावाच्या दलालाला ३० लाख पौंडांना विकला आणि हूलीने तो पुढे जनतेला ५० लाख पौंडांना विकला. ज्याच्या अंगणात हे सगळं सुरू झालं तो या व्यवहारात कुठेच नव्हता. कंपनीला त्याचं नाव राहिलं, पैसा इतरांनी केला. जगातल्या कारखान्यांवर त्याच्या नावाच्या पाट्या लागल्या. भारतात पश्चिम बंगालमध्ये साहागंजला १९३६ मध्ये असाच कारखाना सुरू झाला. डनलॉप स्वतः डब्लिनमध्ये शांतपणे राहत होता. ऑक्टोबर १९२१ मध्ये त्याला साधी थंडी बाधली आणि २३ तारखेला ध्यानीमनी नसताना तो गेला. जन्मभर तब्येत जपली, आणि पहिलं मोठं आजारपण हेच शेवटचं ठरलं. त्याने लिहून ठेवलेला टायरचा इतिहास त्याच्या मुलीने नंतर प्रसिद्ध केला. पुढे उत्तर आयर्लंडच्या नॉर्दर्न बँकेच्या १० पौंडांच्या नोटेवर त्याचा दाढीवाला चेहरा छापला गेला.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. टायरवरची नक्षी आणि तो बाण.

डनलॉपचा पहिला टायर गुळगुळीत होता. त्यावर नक्षीच नव्हती. बेलफास्ट म्हणजे पावसाचं शहर, दगडी फरसबंदी आणि ट्रामचे रूळ. ओल्या, चिकट रस्त्यावर घसरणं ही तेव्हाही तक्रार होतीच. पण नक्षीचा खरा जोर आला तो मोटारींमुळे. आधी मोटारीच्या चाकावर लोखंडी खिळे ठोकलेले चामड्याचे पट्टे बांधायचे. मग १९०४ मध्ये कॉन्टिनेंटल कंपनीने नक्षीचा टायर काढला. १९०८ मध्ये अमेरिकेत फायरस्टोनने तर कमाल केली. न घसरणारा या अर्थाचे इंग्रजी शब्दच टायरभर उठावाने कोरले, तीच नक्षी!

मोटारीला नक्षी लागते याचं कारण असं. मोटारीचा टायर रुंद आणि सपाट असतो. रस्त्यावर पाणी साचलेलं असलं आणि वेग जास्त असला की पाण्याला बाजूला व्हायला वेळ मिळत नाही. ते टायरखाली अडकतं आणि टायर पाण्यावर तरंगतो. स्टिअरिंग, ब्रेक सगळं फुकट. म्हणून पाण्याला वाट द्यायला खोल खाचा लागतात, आणि काही टायरांत त्या खाचांची दिशाही महत्त्वाची असते.

सायकलचं तसं नाही. सायकलचा टायर अरुंद आणि गोल. रस्त्याला टेकलेला भाग होडीच्या आकाराचा, पुढून निमुळता. पाणी आपोआप दोन्ही बाजूंना कापलं जातं. शिवाय हवेचा दाब जास्त. विमानाच्या टायरांवर केलेल्या चाचण्यांमधून नासाच्या संशोधकांनी एक सोपं सूत्र काढलेलं आहे. टायर कोणत्या वेगाला पाण्यावर तरंगेल ते हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतं. दाब पीएसआयमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, त्याला साधारण १६.७ ने गुणा, की ताशी किलोमीटर मिळतात. दाब ३६ असेल तर वर्गमूळ ६, म्हणजे सुमारे १०० किलोमीटर. दाब ४९ असेल तर ७, म्हणजे सुमारे ११७. आता गेटच्या उतारावर माझी सायकल फार तर पंचवीसने गेली असेल. म्हणजे माझा टायर पाण्यावर तरंगला असण्याची शक्यताच नव्हती. मग नक्षी सरळ असो की उलटी, डांबरी रस्त्यावर काय फरक पडणार? जवळजवळ काहीच नाही.

बाणाला अर्थ आहे, पण तो मुख्यतः चिखलात. डोंगरी सायकलींच्या टायरवर जाड गाठी असतात. मागच्या चाकाने मातीला मागे ढकलायचं असतं, पुढच्या चाकाने ब्रेक लावताना माती धरायची असते. म्हणून अशा काही टायरांवर पुढच्या चाकासाठी एक बाण आणि मागच्यासाठी दुसरा, तोही उलट दिशेचा, असतो. डांबरावर गाठी रुततच नाहीत. तिथे उलट होतं. रबर मऊ असतं, तेच डांबरातल्या खडीच्या बारीक उंचवट्यांत दबून बसतं. म्हणजे पकड देणारी खरी नक्षी रस्त्यावर असते, टायरवर नाही.

हे वाचलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी दोन्ही वेळा कुठे घसरले होते? गेटसमोरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर! रंगाचा जाड थर खडीचे उंचवटे बुजवून टाकतो. कोरडं असताना चालतं, ओलं झालं की काच. गटाराची लोखंडी झाकणं, रेल्वेचे रूळ, शेवाळ धरलेला काँक्रीटचा कोपरा, सगळ्यांची तीच गत. त्यात पाऊस नुकताच सुरू झाला होता, म्हणजे रस्त्यावरचं ऑइल आणि धूळ भिजून त्याचा चिकट थर झालेला, अजून वाहून न गेलेला. आणि या सगळ्यावर मी वळता वळता ब्रेक दाबला. टायरला एकाच वेळी वळायलाही पकड हवी आणि थांबायलाही. तेवढी पकड शिल्लक कुठे होती?

किती पकड असते तेही मी हिशोब करून पाहिलं. मी आणि सायकल मिळून ७८ किलो धरा. त्यातले ४७ मागच्या चाकावर. दाब ४९ पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण साडेतीन किलो. भागाकार करा, १३ ते १४ चौरस सेंटिमीटर. एका मोठ्या पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा! तेवढ्यावर आपण मागच्या चाकाचा सगळा भार टाकतो. आणि कॅरिअरवर मैत्रीण बसली की तोल आणखी अवघड.

म्हणून हॉस्टेलच्या सगळ्या सायकलवाल्यांना दोन शब्द. पावसाच्या पहिल्या अर्ध्या तासात जपून. पांढरे पट्टे आणि झाकणं टाळता आली तर टाळा, नाहीतर सायकल सरळ ठेवून, ब्रेक न लावता ओलांडा. ब्रेक वळणाच्या आधी लावा, वळणात नाही. रिम ओली असते तेव्हा ब्रेकचे रबर आधी पाणी पुसतात आणि मगच धरतात, म्हणून लांबूनच हलकेच दाबायला सुरुवात करा. स्टीलच्या रिमला तर जास्तच अंतर धरा. हवा दगडासारखी टाइट करू नका. टायर गोटा होऊन आतले धागे दिसायला लागले असतील तर बदला, नक्षी गेली म्हणून नाही, तर पंक्चर होऊन फुटेल म्हणून. आणि उतारावर डबलसीट नको, हे मी अनुभवाने सांगते.

राहता राहिले काका. सप्टेंबरमध्ये मी त्यांच्याकडे गेले. बाण, पट्टे, रंग, सगळं सांगितलं आणि माफी मागितली. ते हवा भरत होते. म्हणाले की बाणाने काही होत नाही हे त्यांना माहीत होतं, तीस वर्षं टायर बसवतायत. मग त्या दिवशी बोलला का नाहीत, असं मी विचारलं. तर त्यांचं म्हणणं पडलं की पोरीचा हात मोडला होता, तेव्हा वाद काय घालायचा.

मी परत येताना विचार करत होते. थॉमसनचा शोध असून नाव डनलॉपचं झालं, आणि डनलॉपचं नाव असून पैसा दुसऱ्यांचा झाला. दोघांनीही आरडाओरडा केल्याचं निदान मला तरी कुठे वाचायला मिळालं नाही. आपण श्रेय आणि दोष वाटायला फार घाई करतो. मी चार लोकांसमोर काकांना दोष दिला होता, आणि माफी मागताना मात्र तिथे कुणीच नव्हतं. म्हणून ही माफी इथे, कॉलेजच्या मासिकात, सगळ्यांसमोर. अंक छापून आला की एक प्रत त्यांच्या दुकानात नेऊन देणार आहे.

रूममेटचं मनगट आता बरं आहे. पुढच्या पावसाळ्यात मात्र ती चालतच येणार, असं तिने जाहीर केलंय!